कॅमेरा कपाटात का गेला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय सत्तेचाळीस, इचलकरंजीत सहकारी बँकेत नोकरी, दोन वर्षांपूर्वी किट लेन्ससकट मिररलेस कॅमेरा घेतला. पहिलं वर्ष झपाटल्यासारखं गेलं, आता कॅमेरा कपाटात पडून आहे. मोबाइलवर याहून बरे फोटो येतात असं घरचे म्हणतात, टाकलेल्या फोटोंना तेच ते ओळखीचे लोक लाइक करतात, आणि लग्नाची कामं धरून चार पैसे मिळवायची तुमची इच्छा नाही. मग हौस म्हणून फोटो काढण्यात नेमकं मिळतं काय, आणि आमच्यासारख्या जुन्या लोकांची हौस टिकली कशी? शिवाय, कॅमेरा विकून टाकू का?

विकण्याचं शेवटी बघू.

मी साताऱ्याचा. नोकरी पाटबंधारे खात्यात झाली, फोटो सुट्टीच्या दिवशी. शाळेत असताना वडिलांच्या आग्फा क्लिक थ्रीवर हात बसला, मग सेकंडहँड झेनिट आला, पुढे डिजिटल. आजवर एकाही फोटोचे पैसे घेतलेले नाहीत. यात त्यागबिग काही नाही, पैसे घ्यायला मला कुणाचाच विरोध नाही. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते इथेच कुठेतरी आहे. तुम्हाला धंदा करायचा नाही म्हणता, पण गिऱ्हाईकं मात्र तुम्ही जमवून ठेवलीत. लाइक करणारे हे एक गिऱ्हाईक. ‘सूर्योदयाचा फोटो टाक ना’ म्हणणारा शाळेचा ग्रुप हे दुसरं. मुंजीला ‘कॅमेरा घेऊन ये रे’ असं हक्कानं सांगणारे नातेवाईक तिसरं. आणि सगळ्यात वसुलीखोर चौथं गिऱ्हाईक तुमच्या डोक्यात बसलंय. इतके पैसे घातले, मग त्या तोलाचे फोटो यायलाच हवेत, असं ते रोज बजावतं. पगार नाही, बिल नाही, आणि चार चार गिऱ्हाइकांची मर्जी सांभाळायची. कॅमेरा कपाटात जाणार नाही तर काय होणार?

व्यावसायिक फोटोग्राफरला गिऱ्हाईक असतंच, असायलाच हवं. त्याची कला त्या बंधनात फुलते, नाही असं नाही. लाला दीनदयाळ इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला होते, कॅमेरा हाती धरला तो हौस म्हणून. पुढे नोकरी सोडली, निजामाच्या दरबारी गेले, 1896 मध्ये मुंबईत स्टुडिओ काढला. तो रस्ता मोठा आहे आणि खराही आहे. पण तुम्हाला तो नको आहे, हे तुम्ही स्वतःच लिहिलंय. नको असेल तर त्या रस्त्यावरचे टोल तरी कशाला भरायचे?

आता मिळतं काय, ते सांगतो. क्रम लावत नाही, मला जसं सुचेल तसं.

आमच्याकडे जवळच्या गावात आठवडी बाजार भरतो. पालं ठोकलेली असतात आणि हल्ली बहुतेक पालांवर निळी ताडपत्री. दुपारी अकराच्या पुढे ऊन टळटळीत झालं की त्या ताडपत्रीतून खाली सगळा निळा उजेड उतरतो. टोमॅटो काळपट जांभळे दिसायला लागतात, माणसांची तोंडं आजाऱ्यासारखी. कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स फिरवून निळा काढायला जा, तर पालाच्या कडेला जिथे ऊन पडलंय तिथे सगळं नारिंगी होऊन बसतं. म्हणजे यंत्राकडे यावर उपाय नाही. पहिल्या काही बाजारांत मी कंटाळून निघून यायचो. मग एकदा शेंगा विकणाऱ्या एका मावशींच्या पालासमोर नुसता उभा राहिलो. त्यांच्यापुढे पांढरं प्लास्टिकचं पोतं पसरलेलं होतं, अर्धं सावलीत, अर्धं उन्हात. उन्हातल्या भागावरून उजेड परतून मावशींच्या हनुवटीखाली येत होता, स्वच्छ पांढरा. एरवी तो कळत नव्हता. पण मापटं भरून गिऱ्हाइकाच्या पिशवीत ओतायला त्या पुढे वाकल्या की निळ्या उजेडातून चेहरा बाहेर यायचा आणि खालून तो पांढरा उजेड कपाळापर्यंत चढायचा. शेंगा पिशवीत पडेपर्यंत, एवढाच वेळ. मग त्या मागे सरकायच्या आणि परत निळ्या.

त्या दिवशी मला काय मिळालं, तर उजेड दोन दिशांनी येतो हे पुस्तकात वाचलेलं वाक्य डोळ्याला दिसलं. फोटो त्या दिवशी आला नाही. पुढच्या कुठल्याशा बाजारी आला, बरा आला. पण तेव्हापासून मला कुठेही बसलेलं माणूस दिसलं की त्याच्या तोंडावरचा उजेड कुठून येतोय ते आपोआप बघितलं जातं. एसटी स्टँडवर, दवाखान्याच्या बाकावर, लग्नाच्या पंगतीत. कॅमेरा जवळ नसला तरी. ही सवय लागणं हे माझ्या मते हौशी माणसाचं पहिलं आणि सगळ्यात मोठं उत्पन्न आहे, आणि ते कुणाला दाखवता येत नाही. दाखवता येत नाही म्हणून त्याला लाइक मिळत नाहीत, इतकंच.

व्यावसायिकाला त्या पालासमोर असं रिकामं उभं राहणं परवडलं असतं का? एखाद्याला परवडेलही. पण संध्याकाळी फोटो द्यायचे असतील तर तो फ्लॅश काढेल, काम उरकेल आणि पुढच्या पालाकडे वळेल. त्यात त्याचं चुकत नाही. रिकाम्या हातानं घरी येण्याची मुभा फक्त हौशी माणसाला आहे. तुम्ही ती मुभा वापरतच नाही, हे मला तुमच्या पत्रातून दिसतं. ‘दिवसभर फिरून एकही चांगला फोटो मिळाला नाही’ असं तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय.

मोबाइलचं म्हणाल तर घरचे बरोबर बोलतात. भर उन्हात, ओळीनं उभ्या केलेल्या माणसांचा फोटो आजचा चांगला मोबाइल तुमच्या कॅमेऱ्यापेक्षा झटकन आणि बऱ्याचदा उजवा काढतो. तो एकापाठोपाठ अनेक फ्रेम घेतो, त्या जुळवतो, सावल्या उजळतो, आकाश निळं करतो, चेहरा गुळगुळीत करतो. हे सगळं त्यानं ठरवलेलं असतं. चांगलंच ठरवतो तो, पण ठरवतो तो. कॅमेऱ्यात मॅन्युअलवर गेलात की ठरवणारे तुम्ही.

क्लिक थ्रीवर ठरवायला फार काही नव्हतंच. ऊन, ढग, शटरची दांडी दाबायची, एका रोलवर बारा चौकोनी फोटो. रोल धुऊन येईपर्यंत काय झालंय ते कळायचं नाही. झेनिटवर खरी शाळा झाली. लख्ख उन्हात अॅपर्चर (लेन्सचं भोक) एफ सोळा ठेवायचं आणि शटर फिल्मच्या वेगाइतकं, म्हणजे शंभरच्या फिल्मला साधारण सेकंदाचा एकशेपंचविसावा भाग. थोडे ढग आले की एफ अकरा, पूर्ण ढगाळ असेल तर आठ, मोकळ्या सावलीत पाच पॉइंट सहा. एवढं पाठ करून हिंडलं की मीटरशिवाय उजेड मापता यायला लागतो. आजही एखाद्या रविवारी मी कॅमेऱ्याचा मागचा पडदा बंद ठेवून, मीटरकडे न बघता, अंदाजानं फोटो काढतो आणि घरी येऊन हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, बघतो. अंदाज बरोबर निघाला की जो आनंद होतो तो शब्दकोडं सुटण्याच्या जातीचा आहे. फोटो कसा आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. हातानं एखादी गोष्ट जमते आहे याचा तो आनंद. सुतारकाम करणाऱ्याला, पेटी वाजवणाऱ्याला तो ठाऊक असतो. बँकेत दिवसभर दुसऱ्यांनी ठरवलेल्या चौकटीत काम करणाऱ्या माणसाला त्याची गरज जास्तच असावी, असा माझा तर्क.

घरच्यांची आणखी एक तक्रार तुम्ही ओझरती लिहिलीय: ‘फिरायला गेलं की हे कॅमेऱ्यातच डोकं घालून बसतात.’ ही तक्रार माझ्या घरातही झाली, आणि तिच्यात तथ्य किती हे बघायची उत्सुकता होती म्हणून मी याविषयी थोडं वाचलं. अमेरिकेत लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी विद्यार्थ्यांना एका कलासंग्रहालयात फिरवलं. काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितले, काही नुसत्या बघायला. फोटो काढलेल्या वस्तू मुलांना कमी आठवल्या. 2014 मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि ‘फोटो काढणारे बघतच नाहीत’ म्हणणाऱ्यांना आयतं हत्यार मिळालं. पण त्याच अभ्यासात पुढे असंही दिसलं, की ज्या वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो घेतला, ती मात्र नुसत्या बघितलेल्या वस्तूइतकीच लक्षात राहिली. याचा अर्थ मला असा लागतो: समोर आलं ते खटाखट टिपत गेलात तर डोकं सुट्टीवर जातं, आणि यातलं नेमकं मला काय हवंय असं विचारत टिपलंत तर जात नाही. 2016 मध्ये क्रिस्टिन डील, गॅल झॉबरमन आणि अलिक्झांड्रा बाराश यांनी बऱ्याच प्रयोगांनंतर दाखवलं की फोटो काढणाऱ्यांना अनुभव एकंदरीत जास्त रंगून घेता येतो. अट एवढीच, की कॅमेऱ्याची खटपट त्या अनुभवाच्या आड येता कामा नये. म्हणजे जेवताना ट्रायपॉड लावू नका.

तुमच्या कामाचा अभ्यास मात्र तिसरा आहे. त्याच तिघांनी 2018 मध्ये मांडलं की लोकांना दाखवण्यासाठी फोटो काढणाऱ्यांना त्या प्रसंगाचा आनंद कमी मिळतो, स्वतःच्या आठवणीसाठी काढणाऱ्यांना जास्त. कारण फोटो काढत असतानाच ‘हा बघून लोक मला काय म्हणतील’ हा विचार मध्ये घुसतो. गिऱ्हाईक! फोटो नंतर दाखवला म्हणून काही बिघडत नाही. तो काढतानाच दाखवायचं डोक्यात असेल तर बिघडतं.

याचं ढळढळीत उदाहरण बघायचं असेल तर माउलींची पालखी पुण्याहून सासवडला जाते त्या दिवशी दिवे घाटात जा. घाटाच्या वळणांवरून वारकऱ्यांची लांबच लांब ओळ चढत असते, दृश्य खरोखर मोठं आहे, पण कठड्यावर खांद्याला खांदा लावून उभे असलेले सगळे जण एकच फोटो काढत असतात, कारण तो आधी कुणीतरी काढलेला आणि गाजलेला आहे. मीही तो काढलाय. घरी आल्यावर माझा कुठला आणि बाकीच्यांचा कुठला हे मलाच सांगता येईना. त्यापेक्षा मुक्कामाच्या गावी पहाटे नळावर वारकरी आंघोळीला रांग लावतात तिथे जाऊन बसा. तिथे गर्दी आहे, पण कॅमेऱ्यांची नाही.

आता कास. आमच्या गावापासून जवळ, म्हणून बढाई मारायला बरं. पश्चिम घाटातल्या ज्या जागा 2012 मध्ये जागतिक वारसा म्हणून जाहीर झाल्या त्यात कास आहे, आणि तेव्हापासून सप्टेंबरात गर्दी इतकी वाढली की फुलांपेक्षा माणसं जास्त. लोकांना हवा असतो तो गालिचा: जांभळा, पिवळा, गुलाबी, क्षितिजापर्यंत. मीही सुरुवातीची वर्षं गालिचेच काढले. मग एकदा ढग उतरले, दहा पावलांपुढचं दिसेना. खाली बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं, म्हणून वाटेच्या कडेला उकिडवा बसलो आणि गालिचा कशाचा विणलाय ते बघितलं. सीतेची आसवं म्हणतात ती जांभळी फुलं नखाएवढी असतात, आणि तिचं झाड मातीखाली बारीक फुग्यांमध्ये किडे पकडून जगतं. शेजारी दवबिंदू, त्याच्या पानांवरचे चिकट थेंब दवासारखे चमकतात आणि त्यात चिलटं अडकलेली. पाणथळ जागेत वायतुरा, इंग्रजी वाय अक्षरासारखा फाटलेला तुरा. त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. नावं मला तेव्हा माहीत नव्हती. फोटो घरी आणले, जाणकारांना विचारलं, पुस्तकं आणली, चुकीची नावं लिहिली, खोडली. अनेकांचं असंच होतं: फोटोच्या नादानं जातात आणि दुसऱ्याच एखाद्या विषयात अडकतात. कुणी पक्ष्यांत, कुणी वीरगळांत, कुणी जुन्या वाड्यांच्या खिडक्यांत. भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित टिपायला गेलेला आमचा एक मित्र आज ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नेमानं नोंदी करतो, कॅमेरा त्याच्यासाठी आता पुराव्यापुरता. मी याला प्रगती म्हणतो, बाकीचे त्याला ‘फोटोग्राफी सुटली बिचाऱ्याची’ म्हणतात.

(कासला पाय पठारावर टाकू नका, वाटेवरूनच काढा. फोटोसाठी फुलांत लोळणारा माणूस मला अजून सहन होत नाही.)

आणि मग माणसं. हे लिहायला थोडं अवघड आहे.

बाजारातल्या, गल्लीतल्या, वाडीवरच्या ज्यांचे फोटो काढतो त्यांना प्रिंट नेऊन द्यायची, अशी मी फिल्मच्या काळापासून सवय ठेवली. पोस्टकार्ड साइजची, मॅट कागदावर. मोबाइलवर पाठवून चालत नाही, तो फोटो दुसऱ्या दिवशी सुप्रभाताच्या गर्दीत वाहून जातो. प्रिंट हातात पडली की पहिल्यांदा सगळे हसतात, मग ‘काळा आलोय’ म्हणतात, मग घरात नेऊन आरशाच्या चौकटीत खोचतात. शेंगावाल्या मावशींनी मात्र फोटो बघून सांगितलं, ‘ह्यो न्हाई बाबा. वाकलेली हाय. नीट बसलेला एक काढ, पदर डोक्यावर घेऊन. फुडं लागंल.’ पुढे म्हणजे कशाला ते मला कळलं, त्यांनाही मला कळल्याचं कळलं. ज्या उजेडासाठी मी बाजारामागून बाजार उभा राहिलो होतो त्याची त्यांना काडीची किंमत नव्हती. मी पालाबाहेर, भिंतीच्या सावलीत त्यांना बसवलं. समोरून, डोळे कॅमेऱ्यात, हात मांडीवर. सलोनचा, म्हणजे फोटोंच्या स्पर्धा-प्रदर्शनाचा, कुठलाही परीक्षक जो पहिल्या फेरीत बाद करील असा फोटो. काही वर्षांनी तो त्यांच्या घरात भिंतीवर, चंदनाच्या हारात पाहिला. सून म्हणाली, आत्यांचा दुसरा फोटोच नव्हता, आधार कार्डावरचा सोडून.

आपल्याकडे गावागावांत असे फोटो हौशी लोकांनीच काढलेले असतात. पुतण्यानं, शाळेतल्या गुरुजींनी, सुट्टीला आलेल्या जावयानं. त्यांचं नाव कुठे लागत नाही. मला तो फोटो माझ्या सगळ्या निवडक कामापेक्षा वरचा वाटतो का? नाही, खोटं कशाला बोलू, मला वाकलेला फोटोच आवडतो. पण दोन्ही काढता आले, आणि दोन्हींचे पैसे नाहीत, हे मला आवडतं.

मावशींना तुम्ही पाचवं गिऱ्हाईक म्हणाल. म्हणा. पण त्यांनी मागितलं ते त्यांना खरोखर हवं होतं, आणि मला ते देता येत होतं. लाइकवाल्यांना तुमचा फोटो हवा असतो असं तुम्हाला मनापासून वाटतं का?

क्लब आणि स्पर्धांविषयी तुम्ही विचारलंय. संगत जरूर धरा. आपल्याकडे ही परंपरा जुनी आहे: फोटोग्राफीचा शोध जगापुढे आला 1839 मध्ये, आणि 1854 मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झालीसुद्धा. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी, पेशानं डॉक्टर, हे तिथल्या सुरुवातीच्या एतद्देशीय फोटोग्राफरांपैकी. ओल्या काचा, रसायनं, तंबू असा लवाजमा घेऊन हे लोक हौसेखातर हिंडत होते, आणि आपण बॅटरी संपली म्हणून कुरकुरतो. रविवारी पहाटे एकत्र निघायचं, काढायचं, मग कुठल्यातरी हॉटेलात मिसळ आणि एकमेकांच्या फोटोंची चिरफाड, यासारखं सुख नाही. चिरफाड तोंडावर झाली पाहिजे. ‘वा, मस्त’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘ह्यात बघायचं काय?’ विचारणारा एक मित्र जपून ठेवा.

सलोनबद्दल माझं मत जरा कडू आहे. फोटो पाठवायचे, ॲक्सेप्टन्स (फोटो निवडल्याची पावती) गोळा करायचे, देशोदेशीचे ठरावीक झाले की फियाप या आंतरराष्ट्रीय फोटोग्राफी महासंघाच्या पदव्या नावापुढे लावायच्या. शिस्त लागते, तांत्रिक सफाई येते, हे कबूल. नवख्यानं दोन-चार वर्षं करावं. पण तिथे काय चालतं हे एकदा कळलं की हात आपोआप तेच काढायला लागतो: धुरातला मेंढपाळ, खिडकीतून येणारी किरणं, सुरकुतलेला म्हातारा आणि चिलीम. मेंढपाळाला पैसे देऊन धूळ उडवायला लावणारे महाभाग मी बघितलेत. त्याला हौस म्हणायची की बिनपगारी नोकरी, तुम्हीच ठरवा.

दुसऱ्या टोकाला व्हिव्हियन मायरचं उदाहरण हल्ली सगळे देतात. शिकागोत मुलं सांभाळायचं काम करणारी बाई, आयुष्यभर रस्त्यावर फोटो काढले, कुणाला फारसे दाखवलेच नाहीत. 2007 मध्ये तिचं भाडं थकलेलं सामान लिलावात गेलं तेव्हा पेटाऱ्यांतून निगेटिव्ह निघाल्या, एकूण लाखाच्या वर. कित्येक रोल तर धुतलेलेही नव्हते. फोटो अफाट आहेत. पण हे उदाहरण आदर्श म्हणून मला पटत नाही. धुतलेले नसलेले रोल म्हणजे स्वतःसुद्धा बघितले नाहीत. गिऱ्हाईक नको म्हणजे बघणाराही नको असं नव्हे. मला त्यापेक्षा फ्रान्समधला लार्तीग जवळचा. लहानपणी कॅमेरा मिळाला, घरातल्या मंडळींच्या उड्या, सायकली, मोटारी, विमानं टिपली आणि सगळं मोठमोठ्या अल्बमांत स्वतःच्या हातानं चिकटवत गेला. तो स्वतःला चित्रकार समजायचा. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात त्याचे फोटो लागले तेव्हा 1963 साल होतं आणि तो सत्तरीच्या घरात. तोवर अल्बम घरचेच लोक बघत होते आणि त्यात त्याचं काही अडत नव्हतं.

वयाची काळजी तुम्ही केलीच आहे म्हणून सांगतो, ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन, जन्म कलकत्त्याचा, हिला लेकी-जावयानं पहिला कॅमेरा भेट दिला तेव्हा ती अठ्ठेचाळीस वर्षांची होती. कोंबड्यांचं खुराडं रिकामं करून तिनं त्याचा स्टुडिओ केला. फोकस नीट नाही म्हणून त्या काळच्या जाणकारांनी तिला नावं ठेवली, तिनं ऐकलं नाही. तुमच्या हातात अजून एक वर्ष आहे.

नवी लेन्स घेऊ नका. यावर जास्त बोलत नाही. ज्या माणसाचा कॅमेरा कपाटात आहे त्याला लेन्सची गरज नसते.

त्यापेक्षा एक करा. तुम्ही इचलकरंजीत राहता, बँकेत बसता, म्हणजे यंत्रमागवाले तुमचे खातेदार आहेत. फोटो काढायला तुम्ही महाबळेश्वर, गोकर्ण, हंपी असं सगळं फिरलात आणि घराशेजारच्या मागाच्या शेडमध्ये एकदाही गेला नाहीत, असं तुमच्या यादीवरून दिसतं. ओळखीच्या एका मालकाला विचारा, कामगारांनाही वेगळं विचारा, आणि एकाच शेडमध्ये वर्षभर जात राहा. पहिल्या दोन-तीन खेपांना कॅमेरा पिशवीतच राहू दे. कांड्या भरणाऱ्या बाया, बीम बदलताना होणारी धावपळ, रात्रपाळीचा चहा, भिंतीवरची कॅलेंडरं; यातलं काय तुम्हाला धरून ठेवतं ते तिथे गेल्याशिवाय तुम्हालाही कळणार नाही.

तिथली एक तांत्रिक अडचण आधीच सांगतो. जुन्या चोकच्या ट्यूबलाइट आपल्या पन्नास हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं, आणि फोटोत आडवे पट्टे येतात किंवा प्रत्येक फ्रेमचा रंग वेगळा. तुमच्या मिररलेसचं सायलेंट शटर बंद ठेवा, आणि शटर शंभरावा किंवा पन्नासावा भाग यावर लावा. पट्टे जातील. पन्नासाव्या भागाला धोटा दिसणारच नाही, हातही हलेल. हलू दे, मागावरचा हात स्थिर दिसला तर तो खोटा वाटतो. आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची क्षमता) सोळाशे-बत्तीसशे करायला घाबरू नका. आणि शेडमध्ये लेन्स बदलू नका, हवेत सुताचे तंतू उडत असतात, ते थेट सेन्सरवर जाऊन बसतात.

महिन्यातून एकदा त्यातले पाच-सहा फोटो प्रिंट करा. शेडमध्येच नेऊन वाटा. इंटरनेटवर वर्षभर एकही टाकू नका. नातेवाइकांना सांगा कॅमेरा बिघडलाय, एवढी थाप चालते.

आता विकायचं. वर्षभर हे करून बघितलंत आणि तरी हात कॅमेऱ्याकडे गेला नाही, तर खुशाल विका. सगळ्यांनाच ही हौस असली पाहिजे असा काही कायदा नाही. पण विका किंवा ठेवा, एक काम आजच करा. एक पावसाळा लेन्स बंद कपाटात आहे आणि तुमचं गाव पंचगंगेच्या काठी. लेन्स काढा, दोन्ही टोपणं काढून मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे दिसले तर ती बुरशी. सुरुवातीची असेल तर चांगला कारागीर लेन्स उघडून साफ करून देतो. घरी स्क्रू काढायला बसू नका. धागे नसतील तर झाकण घट्ट बसणारा एक प्लास्टिकचा डबा आणा, त्यात सिलिका जेल आणि दीडदोनशे रुपयांचा आर्द्रतामापक टाका, काटा चाळीस ते पन्नासच्या मध्ये राहील असं बघा. जेलचा रंग बदलला की मंद आचेवर तव्यात गरम केलं की परत चालतं. चामड्याच्या केसमध्ये मात्र ठेवू नका. बुरशीला चामडं फार आवडतं.